केस अर्धी राहू नये म्हणून: व्यापातून डिटेक्टिव्ह गेम खेळण्याची रीत

डिटेक्टिव्ह गेम अर्धा सुटतो तो बहुतेक वेळा मध्ये खंड पडल्यामुळे. क्रिकेटचा किंवा गाड्यांच्या शर्यतीचा गेम पंधरा दिवसांनी उघडला तरी बोटांना सगळं आठवतं. तपासाच्या गेममध्ये पंधरा दिवसांनी परत जा, आणि हा टोपीवाला कोण, त्याची जबानी आपल्याला खोटी का वाटली होती, किल्ली कोणाच्या खिशात मिळाली, सगळं पुसलेलं. गेमने आपली जागा सेव्ह केलेली असते, पण संशय आपल्या डोक्यात होता आणि तो गेला.

म्हणून ज्यांच्या दिवसाला ठरलेली वेळ नाही, म्हणजे बागायतदार, होमस्टेवाले, बोटवाले, रोज देवरुखहून रत्नागिरीला एसटीने जाणारे नोकरदार, त्यांनी दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. केसचा आकार आपल्या मोकळ्या वेळेत बसतो का, आणि कुठे थांबायचं. मोबाइल कुठला, नेट किती, लाइट असते की नाही, हे सगळं त्यानंतर.

एकूण तास नको, एका केसचे तास मोजा

गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर ‘आठ तासांचा गेम’ असं वाचून निर्णय घेऊ नका. समजा आठवड्यात तीन वेळा २५ मिनिटं मिळतात, म्हणजे ७५ मिनिटं. ‘द केस ऑफ द गोल्डन आयडॉल’ हा २०२२ सालचा गेम साधारण आठ तासांचा. या हिशोबाने तो सहा-सात आठवडे चालेल. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा २०१८ चा, नऊ-दहा तासांचा, म्हणजे सात-आठ आठवडे. आकडे जवळजवळ सारखे, पण अनुभव अगदी वेगळा. गोल्डन आयडॉलमध्ये मुख्य ११ प्रकरणं आहेत आणि एकेक प्रकरण एक ते तीन बैठकांत निकाली निघतं, त्यामुळे मध्ये आठवडा गेला तरी फार बिघडत नाही. ओब्रा डिनमध्ये मात्र जहाजावरच्या ६० माणसांचं काय झालं हे शोधायचं असतं आणि ती सगळी मिळून एकच केस आहे. दोन महिने ६० चेहरे डोक्यात ठेवणं कोणालाच झेपत नाही. हा गेम चार-पाच दिवसांच्या सलग मोकळिकीसाठी बाजूला ठेवावा.

साधा नियम असा: एक केस तुमच्या एका आठवड्याच्या वेळेत संपत असेल तर तो गेम कामाच्या दिवसांत घ्या. संपत नसेल तर सुट्टीसाठी ठेवा. त्या दृष्टीने काही ओळखीचे गेम पाहू.

‘हर स्टोरी’ (२०१५) पूर्ण गेमच दोन-तीन तासांचा आहे आणि मोबाइलवर चालतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याने इथून सुरुवात करायला हरकत नाही. ‘शेरलॉक होम्स: क्राइम्स अँड पनिशमेंट्स’ (२०१४) मध्ये सहा स्वतंत्र केस आहेत, एकेकीला दोन-अडीच तास धरा, पीसी किंवा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) लागतो. ‘एल. ए. न्वार’ (२०११) मधली एक केस पाऊण ते दीड तास घेते. ‘फीनिक्स राइट: एस अ‍ॅटर्नी’ची तीन गेमची मालिका मोबाइलवर मिळते. पहिली केस छोटी, शिकवणीसारखी. पुढच्या मात्र चार-पाच तासांच्याही होतात, पण त्या तपास आणि खटला अशा तुकड्यांत विभागलेल्या असल्याने झेपतात. ‘डिस्को इलिझियम’ (२०१९) हा २५-३० तासांचा, एकाच खुनाचा, प्रचंड वाचन असलेला गेम. कामाच्या दिवसांत त्याच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळे इंग्रजीत आहेत हेही वेळेच्या हिशोबात धरा. इंग्रजी वाचायची फार सवय नसेल तर वर दिलेल्या तासांत निम्म्याची भर घाला. गोल्डन आयडॉल अठराव्या शतकातला, ओब्रा डिन १८०७ सालचा, त्यामुळे जुने हुद्दे आणि शब्द येतात. अडलेला शब्द शब्दकोशाच्या अ‍ॅपमध्ये बघा, ब्राउझरमध्ये गेमच्या नावासकट टाकू नका. पात्राचं नाव अर्धं टाइप केलं की खाली आपोआप येणाऱ्या सूचनांतच खुनी कोण ते कळून जातं.

कुठला गेम कुठे थांबवायचा

‘वेळ संपली की थांबू’ असं म्हटलं की हमखास जबानीच्या मध्यावर थांबणं होतं, आणि ती सगळ्यात वाईट जागा. प्रत्येक गेमला आपापले थांबे असतात. ते माहीत असले की २० मिनिटंही पुरतात.

गोल्डन आयडॉलमध्ये दोन कामं असतात. आधी चित्रातल्या वस्तूंवर, कागदांवर, माणसांवर टिचकी मारून शब्द गोळा करायचे, मग ते शब्द रिकाम्या जागांत भरून काय घडलं ते सांगायचं. किती शब्द मिळाले आणि किती बाकी, हे पडद्यावर दिसत असतं. आकडा पूर्ण होणं हा आदर्श थांबा. पहिली बैठक गोळा करायची, दुसरी भरायची. मधल्या वेळात, भाकरी भाजताना किंवा बाजाराला जाताना, विचार आपोआप चालू राहतो. दुसऱ्या बैठकीत घाईने शब्द अदलाबदल करत बसू नका. दोन किंवा त्याहून कमी चुका असल्या तर गेम तसं सांगतो, आणि तेवढ्या आधारावर एकेक शब्द बदलून बघायचा मोह होतो. उत्तर जुळतं, पण गोष्ट समजत नाही, आणि पुढचं प्रकरण आधीच्यावर उभं असल्याने तिथे अडचण होते.

ओब्रा डिनमध्ये खिशातल्या घड्याळाने मेलेल्या माणसाचा शेवटचा क्षण बघता येतो. एका प्रेतापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं अशी साखळी लागते. साखळी सुरू झाली की ती संपेपर्यंत थांबू नये, कारण घटना उलट्या क्रमाने उलगडतात आणि मध्येच सोडलं तर क्रम डोक्यात उलटापालटा होतो. त्यामुळे हातात २० मिनिटंच असतील तर नवं दृश्य उघडूच नका. आधी पाहिलेल्या एखाद्या दृश्यात परत जा आणि तिथल्या माणसांवर काम करा. गेममधल्या वहीतला चेहरा धूसर दिसत असेल तर त्याला ओळखण्याइतका पुरावा अजून समोर आलेला नाही असं समजा. स्पष्ट झालेल्या चेहऱ्यांवरच डोकं चालवा. चेहऱ्याखालचे त्रिकोण तो किती अवघड ते सांगतात, एक त्रिकोणवाले आधी घ्या. तीन माणसांची माहिती बरोबर आली की गेम ती पक्की करतो. असं एक त्रिकूट पक्कं झालं की उठावं. जाता जाता: खलाशांच्या यादीत काही जण हिंदुस्थानातले आहेत, आणि घरात कोणी बोटीवर नोकरी केलेलं असेल तर बोसन, मेट, स्ट्युअर्ड या हुद्द्यांची उतरंड तुम्हाला आधीच ठाऊक असेल. इथे ती फार कामाला येते.

एस अ‍ॅटर्नीत तपासाचा भाग कुठेही थांबवता येतो. मिळालेले पुरावे गेमच्या नोंदीत राहतात, पण ‘आता कुठे जायचं, कोणाला काय दाखवायचं’ हे कुठेच लिहिलेलं नसतं. तेवढं तुम्ही लिहून ठेवायचं. खटल्याच्या भागात साक्षीदाराची पूर्ण जबानी एकदा ऐकून घ्या आणि उलटतपासणी सुरू होण्याच्या तोंडावर सेव्ह करून थांबा. चुकीचा पुरावा दाखवला की दंड बसतो, म्हणून दमलेले असताना पुरावा दाखवायचा प्रयत्न नको.

एल. ए. न्वारमध्ये हाताने सेव्ह करण्याची सोयच नाही, गेम आपला आपणच सेव्ह करतो. घटनास्थळावर तपासाचं संगीत चालू असतं. सगळे पुरावे सापडले की ते थांबतं. तो थांबा चांगला. संशयिताची चौकशी सुरू केलीत तर ती पूर्ण करूनच उठा, मधून बाहेर पडलात तर ती पहिल्यापासून करावी लागू शकते. चौकशीला १०-१५ मिनिटं हाताशी ठेवा.

हर स्टोरीचा हिशोब वेगळा. पोलिसांच्या जुन्या व्हिडिओ-नोंदींत शब्द टाकून शोधायचं. एका शब्दाला कितीही नोंदी जुळल्या तरी पहिल्या पाचच बघायला मिळतात. सर्रास येणारे शब्द टाकून फार पुढे जाता येत नाही. जबानीत एखादं ठिकाण, वस्तू, माणसाचं नाव ऐकलं की ते टाका. एका बैठकीला तीन शब्द एवढाच नेम ठेवा. थांबताना न तपासलेल्या शब्दांची यादी लिहिली की पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच उरत नाही.

डिस्को इलिझियममध्ये संभाषण चालू असताना सेव्ह होत नाही, आणि काही संभाषणं सहज अर्धा तास चालतात. रात्री अकरानंतर नव्या माणसाशी बोलायला सुरुवात करू नका.

केस डायरी: चार ओळी, जास्त नाहीत

पोलिसांच्या तपासात केस डायरी असते तशी आपलीही ठेवा. शाळेची दोनशे पानी वही पुरते, मोबाइलमधली नोंदींची सोयही चालेल. पण वही बरी, कारण मोबाइलवरच गेम चालू असेल तर मागे-पुढे करताना गेम बंद पडू शकतो. प्रत्येक बैठकीचे शेवटचे तीन मिनिट डायरीचे. २५ मिनिटांची बैठक म्हणजे २२ मिनिटं खेळ असंच धरा आणि गजर २२ व्या मिनिटाला लावा.

चार ओळी अशा:

१. ठाम काय कळलं.
२. संशय कोणावर आणि कशावरून.
३. काय खटकतंय.
४. पुढच्या वेळी पहिलं काम.

एक नमुना: ‘दिवाणखान्याचं दार आतून बंद होतं. संशय माळ्यावर: रात्री बागेत नव्हतो म्हणतो, पण बुटाला ओला चिखल. खटकतंय: पाऊस पहाटे पडला, मग चिखल रात्रीचा कसा? पुढचं काम: मोलकरणीला पावसाची वेळ विचारणे.’ एवढं वाचलं की पाच दिवसांनीही दोन मिनिटांत तुम्ही त्या बागेत परत उभे.

यात चुका कुठे होतात तेही सांगतो. पहिली, ‘कशावरून’ गाळणं. ‘डॉक्टर खोटारडा’ एवढंच लिहिलं तर आठवड्याने आपणच आपल्याला विचारतो, का बुवा? दुसरी, गेम जे स्वतः जपून ठेवतो तेच उतरवत बसणं. पुराव्यांची यादी गेममध्ये असते, ती वहीत नको. आपला तर्क गेममध्ये नसतो, तो हवा. तिसरी, पान भरून लिहिणं. एवढं लिहिलेलं परत वाचायचा कंटाळा येतो आणि मग डायरीच सुटते. चौथी ओळ मात्र कधीच चुकवू नका. गेम उघडल्यावर पहिली दहा मिनिटं इकडेतिकडे भटकण्यात जातात ती तिच्यामुळेच वाचतात.

स्क्रीनशॉटचा उपयोग मोजकाच: जबानीतलं एखादं वाक्य, नकाशा, कुलपाचे आकडे. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबायचं, स्टीमवर (संगणकावर गेम विकत घेऊन चालवायचं अ‍ॅप) एफ १२ ची कळ. केस संपली की सगळे पुसून टाका, नाहीतर पुढच्या केसमध्ये मागचे चेहरे घुसतात.

वेळ घड्याळाला नाही, कामाला बांधा

‘रोज रात्री नऊ ते साडेनऊ’ हे वेळापत्रक ऑफिसवाल्यांना जमतं. भरती-ओहोटीवर ज्यांचं काम चालतं त्यांना नाही, कारण भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. बोट, कालवं, तरीवरचं (फेरीबोटीचं) काम, सगळंच सरकतं. अशांनी बैठक एखाद्या कामाच्या शेवटाला जोडावी: जाळी धुऊन झाली की, पाहुण्यांचा नाश्ता उरकला की, शेवटची एसटी गेली की. काम बदलत्या वेळी संपलं तरी बैठक चुकत नाही.

वर्षाचाही विचार करावा. आंबा बागायतदाराने मार्च ते मे या काळात नवी मोठी केस उघडूच नये. पेट्या भरण्याच्या दिवसांत रात्री उरणारी १५ मिनिटं हर स्टोरीच्या तीन शब्दांपुरती ठीक. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक बोटींच्या मासेमारीची बंदी. हर्णै किंवा मिरकरवाड्यातल्या बोटवाल्यांना जाळी विणणं, इंजिनाची कामं असतातच, पण संध्याकाळी सलग मिळतात. ओब्रा डिनसाठी यापेक्षा बरा काळ नाही. शेतीवाल्यांचं उलटं: त्याच दिवसांत लावणी. त्यांनी लावणी आटपून भात पसवायला लागेपर्यंतच्या आठवड्यांवर नजर ठेवावी. होमस्टेवाल्यांना शनिवार-रविवार विसरावा लागतो, पण मंगळवार-बुधवारची दुपार बहुतेक आपली असते.

आणि प्रत्येक मोकळी वेळ गेमसाठी सारखीच नसते. पुरावे शोधायला डोळे आणि हात दोन्ही लागतात, तर जबान्या वाचायला शांतता. विचार करायला मात्र यातलं काही लागत नाही. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला तरीच्या धक्क्यावर गाडीत बसून वाट पाहताना गेम सुरू करण्यात अर्थ नाही, रांग कधीही पुढे सरकते. तिथे डायरी काढा आणि तिसरी ओळ वाचा. काय खटकतंय याचं उत्तर बहुतेक वेळा गेम बंद असतानाच सुचतं.

गाडीत, एसटीत

घरून निघण्याआधी एक चाचणी करा: फोन विमान मोडवर टाका, गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, सेव्ह उघडतंय का बघा. काही गेम सुरू होताना खात्याची पडताळणी मागतात आणि नेट नसेल तर दारातूनच परत पाठवतात. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत, त्यातला करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. डोंगरांच्या मधल्या पट्ट्यातही नेटचा भरवसा नाही. नेटवर चालणारा गेम इथे दर काही मिनिटांनी अडकणार.

लॅपटॉपवर स्टीम असेल तर घरच्या नेटवर गेम एकदा पूर्ण सुरू करून बघा, अपडेट संपू द्या, मग ऑफलाइन मोडवर जा. परतल्यावर नेट जोडलं की कधी कधी क्लाउडवरचं सेव्ह आणि लॅपटॉपवरचं सेव्ह जुळत नाही आणि कुठलं ठेवू असं विचारलं जातं. घाईत बटण दाबू नका, दोन्हींच्या तारखा-वेळा बघून नवीन ते ठेवा. चुकीचं निवडलंत तर गाडीतले सगळे तास गेले.

मुंबई ते सावंतवाडी हा प्रवास दोन-तीन तासांची एक अख्खी केस बसण्याएवढा मोठा आहे. शेरलॉक होम्सची एक केस किंवा एस अ‍ॅटर्नीचा एक खटला त्यात आरामात होतो. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, तेव्हा तर होतोच. डब्यातल्या चार्जिंगवर विसंबू नका, पॉवर बँक घ्या. हेडफोन तारेचे बरे. एक कान मोकळा ठेवा आणि उतरायच्या स्टेशनच्या वीस मिनिटं आधीचा गजर लावा. उलटतपासणीच्या रंगात चिपळूण मागे पडून पुढच्या स्टेशनला उतरणारे लोक असतात.

एसटीत वाचनाचे गेम सपाट रस्त्यावरच. कुंभार्ली, आंबा किंवा भुईबावडा घाटात वळणांवर पडद्यावरची बारीक अक्षरं वाचलीत की मळमळणं ठरलेलं. घाट सुरू होण्याआधी सेव्ह करा आणि खिडकीबाहेर बघा.

लाइट आणि पाऊस

पावसाळ्यात मोठी जोखीम सेव्ह होत असतानाच लाइट जाण्याची. पडद्याच्या कोपऱ्यात सेव्हची खूण फिरत असताना डेस्कटॉप बंद पडला तर सेव्हची फाइल बिघडू शकते. जिथे हाताने सेव्ह करता येतं तिथे एकच जागा परत परत वापरू नका. दोन जागा आलटून पालटून वापरा, म्हणजे एक बिघडली तरी मागची बैठक शाबूत राहते.

घरचा इन्व्हर्टर डेस्कटॉपला पुरतोच असं नाही. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू नसेल तर लाइट जाऊन बॅटरीवर येण्याच्या क्षणात पंखे-दिवे टिकतात पण संगणक रीस्टार्ट होतो. बटण नसेल तर छोटा यूपीएस घ्या किंवा सरळ लॅपटॉपवर खेळा. लॅपटॉप झाकून ठेवून देण्याची सवय असेल तर स्लीप आणि हायबरनेट यातला फरक लक्षात घ्या. स्लीपमध्ये बॅटरी हळूहळू उतरत राहते आणि ती संपली की चालू गेम गेला. हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर उतरतं, बॅटरी संपली तरी चालतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर काय करायचं ते निवडता येतं, तिथे हायबरनेट लावा. तरीही आधी गेममध्ये सेव्ह कराच, हायबरनेटमधून उठल्यावर काही गेम काळा पडदा दाखवून बसतात.

गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायफायच्या राउटरचाही. मिरगाच्या आधीच्या वळवात वीज जास्त पडते, म्हणून मेच्या शेवटापासूनच ही सवय हवी. समुद्रालगतच्या घरात खाऱ्या दमट हवेने चार्जिंगचे पोर्ट गंजतात. लॅपटॉप न वापरता पडवीत राहू देऊ नका, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

अडकलात तर

एकाच जागी वीस मिनिटं गेली आणि नवं काही कळलं नाही, तर त्या बैठकीत आणखी वेळ घालू नका. डायरीत ‘खटकतंय’ची ओळ लिहा आणि बंद करा. पुढच्या बैठकीत आधी जबान्या पुन्हा वाचा; निम्म्या वेळा तिथेच सुटतं. दुसऱ्या बैठकीतही वीस मिनिटं गेली तर इशारा घ्यायला काहीच हरकत नाही, व्यापातल्या माणसाने याचा कमीपणा मानू नये. फक्त पूर्ण उत्तर सांगणारा व्हिडिओ लावू नका. त्यात हवं ते सापडेपर्यंत पुढची तीन रहस्यं फुटतात. टप्प्याटप्प्याने उघडणारे इशारे शोधा, एकच टप्पा उघडा. त्याहून बरं म्हणजे तो गेम खेळलेला कोणी मित्र. त्याला ‘उत्तर सांग’ म्हणू नका, ‘मी योग्य खोलीत शोधतोय का’ एवढंच विचारा.

फुकटचे वस्तू-शोध गेम

मोबाइलवर लपलेल्या वस्तू शोधायचे खून-तपासाचे फुकट गेम ढिगाने आहेत. पाच मिनिटांत एक चित्र होतं, त्यामुळे व्यापातल्या माणसासाठीच केलेत असं वाटतं. पण त्यात एनर्जी, म्हणजे पुढे खेळायची मुभा, संपते, ती काही वेळाने भरते, भरली की फोन वाजतो. म्हणजे वेळापत्रक तुमचं राहत नाही, गेमचं होतं. तर्कही फारसा करावा लागत नाही. खेळायचेच असतील तर सूचना बंद करा आणि पैसे भरायच्या पडद्याला पासवर्ड लावा, विशेषतः फोन मुलांच्या हातात जात असेल तर. त्यापेक्षा एक विकतचा गेम परवडतो. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत. म्हणून विकत घ्यायचा तो मोकळी संध्याकाळ असेल त्या दिवशीच. सेलमध्ये घेऊन महिनाभर न उघडलेला गेम आवडला नाही तरी गळ्यातच राहतो.

घर भरलेलं असताना

गणपतीत चाकरमानी आले की एकट्याने खेळणं विसरा, पण या जातीचे गेम चौघांत जास्त रंगतात. गोल्डन आयडॉल टीव्हीला जोडा. एकाच्या हातात माउस, एकाकडे डायरी, बाकीच्यांनी बोलायचं. माउसवाल्याने स्वतःचं उत्तर आधी भरायचं नाही, हा एक नियम ठेवा, नाहीतर गेम त्याचा एकट्याचा होतो. जागरणाच्या रात्री दोन प्रकरणं आरामात होतात. इंग्रजी न वाचणाऱ्या आजी-आजोबांना कागदपत्रं मराठीत वाचून दाखवा. कोण कोणाकडे बघतंय, हातात काय आहे, हे चित्रातलं त्यांच्याच आधी लक्षात येतं. ओब्रा डिन, एल. ए. न्वार मुलांसमोर नको, प्रेतं आणि रक्त भरपूर आहे.

खूप दिवसांनी परत आलात तर

तीन आठवड्यांपर्यंतचा खंड असेल तर डायरीची शेवटची दोन पानं वाचा, गेममधली पुराव्यांची यादी एकदा वरपासून खाली बघा, मग चौथ्या ओळीतलं काम करा. पहिल्या बैठकीत कोणालाही दोषी ठरवू नका.

त्याहून जास्त खंड पडला आणि डायरी नसेल, तर केस सुरुवातीपासून घ्या. पूर्ण गेम नको, चालू केस तेवढीच. शेरलॉक होम्स आणि एल. ए. न्वारमध्ये केस निवडून पुन्हा सुरू करता येते. गोल्डन आयडॉलमध्ये आधीची भरलेली प्रकरणं परत उघडून वाचली की पंधरा मिनिटांत मागचा धागा हाती येतो. ओब्रा डिनमध्ये पक्की झालेली माणसं तशीच राहतात; जहाजाच्या एका टोकापासून सुरुवात करून पाहिलेली दृश्यं क्रमाने परत बघा, वहीत प्रकरणं क्रमाने लावलेलीच असतात. एस अ‍ॅटर्नीत खटल्याच्या मध्यावर सोडलं असेल तर त्या दिवसाच्या तपासापासूनचं सेव्ह शोधा. ते सापडावं म्हणून सेव्हची एक जागा प्रत्येक भागाच्या सुरुवातीसाठी राखून ठेवायची, आणि तिच्यावर दुसरं काही सेव्ह करायचं नाही.